जीजींनी ढीग लोटला

पानं वाटून झाली की जीजी आपली तीन पानं उचलून पदराआड न्यायच्या, तान्ह्या लेकराला पाजायला घ्यावं तशी. मग मान आत घालून एकेका पानाचा नुसता कोपरा वर करायच्या, खाली करायच्या, पुन्हा वर करायच्या.

"थांबा गं बायांनो. घाई कुणाला हाय?"

घाई आम्हाला सगळ्यांनाच होती. दुपारच्या झोपेतून सासवा उठायच्या आत डाव मोडायचा असे. पण जीजींचं बघणं सरतच नसे. शेवटी एक मोठा उसासा सोडून त्या पानं पालथी टाकायच्या. "मी उठले." म्हणजे डाव सोडला. एवढं बघून, सगळ्यांना ताटकळत ठेवून उठले! त्यांच्या कुशीतला तो पदर ओढावा असं मला वाटायचं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. दुकानात साड्यांचे गठ्ठे उलगडायला लावून हातरुमाल घेऊन येणारं. जीजी एस.टी.त चढल्या आणि रिकामी जागा दिसली, तरी "पुढं बरी असंल" म्हणून पुढे सरकायच्या आणि घाटनांदूरपासून अंबाजोगाईपर्यंत दांडीला धरून उभ्या राहायच्या. मी मागे बसून चरफडायची.

त्या आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. नवरा मागे गेलेला, लेक लातूरला दिलेली. मी तेव्हा तिशीतली, आणि तिरटात आपला हात धरणारं कुणी नाही असा माझा पक्का समज. कारण एवढंच की आमच्या ह्यांच्या कपाटातला पत्त्यांचा कॅट मी पळवला होता आणि गल्लीतल्या बायकांना तीन पानांचा खेळ मीच शिकवला होता. ज्या शाळेत मास्तर तेच आणि पहिला नंबरही त्यांचाच, तसं.

नातवंडं हसतात. "आज्जी, तू जुगार खेळायचीस?" जुगार कसला, चिंचोक्यांवर खेळायचो. पण चिंचोक्याला मोल होतं. उन्हाळ्यात टँकर यायचा. प्यायचं पाणी आधी घरोघर भरून व्हायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. वापरायचं पाणी हौदात राहायचं आणि त्याचे चिंचोके घरोघर वाटले जायचे. एक चिंचोका, एक घागर. तेच आम्ही डावावर लावायचो. हरलेल्या बाईचं धुणं लांबायचं, बाकी काही नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न होतं आणि रुखवतातल्या कुरडया माझ्या अंगावर होत्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, "टँकर आल्याबिगर गहू भिजू घालू नकोस." मी शहाणी. घातला. कुरडयांच्या गव्हाचं पाणी रोज बदलावं लागतं, नाही तर तो असा वास मारतो की म्हैसही तोंड फिरवते. आणि नेमका टँकर निम्माच भरून आला. माझ्या वाट्याला आलेल्या चिंचोक्यांत गहू निभला नसता. अक्कल असलेल्या बाईनं आहे तेवढं पाणी घरी नेलं असतं. मी ठरवलं, दुपारी दुप्पट करून आणू.

आणि होतही आलं होतं! शिंपीणबाईचे अर्धे चिंचोके माझ्यापुढे सरकले होते. मग शेवटचा डाव वाटला. मी पानं उचलली. दोन एक्के आणि एक सत्ती.

एक्क्यांची जोडी म्हणजे जोड्यांमधली राणीच. पण शेवटी जोडीच. समोरच्या बाईकडे तिन्ही पानं एका रंगाची निघाली किंवा ओळीनं लागली, की राणीची मोलकरीण होते.

जीजींनी पदराआड बघितलं. उसासा सोडला. मी मनात म्हटलं, उठली बाई. तर त्यांनी दोन्ही हातांनी आपल्यापुढचे सगळे चिंचोके मध्ये लोटले.

"ढीग."

ढिगाचा आमचा नियम साधा होता. एकीनं लोटला की दुसरीनंही सगळं लोटायचं, नाही तर उठायचं.

शिंपीणबाईनं पानं टाकलीच. "जीजीनं ढीग लोटला म्हंजी तीन एक्के असत्याल, माय!"

तीन एक्के नव्हते हे फक्त मला ठाऊक होतं, कारण दोन माझ्या मुठीत घामेजले होते. पण तीन राजे? तीन दश्श्या? ही बाई एकदा तिन्ही बदाम हातात असताना भिऊन उठली होती. ती आज ढीग लोटते, म्हणजे काय असेल? एकदा वाटायचं, काही नाही, लोट. लगेच परातीतला गहू डोळ्यापुढे यायचा, त्याच्यामागे सासूबाई.

"जीजी, नक्की ना?"

"मला कशाला इचारतीस? तुझी पानं तुझ्याकडं हाईत."

मी पुन्हा पानं बघितली. बघून ती काय बदलणार होती? पण बघितली. कोपरा वर, कोपरा खाली.

"उरक गं बाई," जीजी म्हणाल्या. "सासू उठंल तुझी."

हे कुणी म्हणावं!

मी पानं पालथी टाकली. "उठले."

सगळ्या उठल्या की जिंकणारीनं पानं दाखवायची सक्ती नसते. हा नियमही मीच शिकवलेला. मी जीजींच्या पानांकडे हात नेला तर त्यांनी हातावर चापट मारली. "बघायचं व्हतं तर ढीग लावायचास." आणि तिन्ही पानं कॅटात घालून पिसून टाकली.

संध्याकाळी भिंतीपलीकडून घागरीमागून घागर ओतल्याचा आवाज आला. बाई डोक्यावरून न्हात होत्या! माझा गहू परातीत आंबतोय आणि ह्यांचं न्हाणं चाललंय.

"जीजी, समदं पाणी अंगावर?" मी भिंतीवरून ओरडले.

"लई दिस झालते गं, केसाला पाणी लागून." आवाज असा गार, जशी काही नदीच अंगणातून गेली. "शिकेकाई सकाळीच उकळून ठिवली व्हती."

सकाळीच! पानं वाटली दुपारी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक घागर माझ्या उंबऱ्याशी आणून ठेवली. "गव्हाला घे." मी नाक वर करून म्हटलं, "डावात हरलेलं पाणी मी घेत न्हाई." काय तो बाणा! घागर परत गेली. त्या नाकाला मग दोन दिवस पदर लावून हिंडावं लागलं, कारण गहू गल्लीच्या टोकापर्यंत घमघमला. रुखवतात जावेच्या माहेरच्या कुरडया माझ्या नावानं मांडल्या. सासूबाई येईल त्या बाईला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईनं केल्यात. जवळ जाऊन बघा, अजिबात वास न्हाई."

पुढे घरोघर नळ आले, गल्लीतल्या बायका सासवा झाल्या. मी जीजींना विचारायचं सोडलं नाही. दळणाच्या रांगेत, नारायणगडाच्या जत्रेत, बारशात. "जीजी, काय होतं हो हातात?" उत्तर एकच. "न्हाले की मी. झालं."

गेल्या वर्षी त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं, म्हणून भेटायला गेले. गादीवर एवढंसं गाठोडं उरलं होतं. लेक औषधं आणायला खाली गेली आणि मी संधी साधली.

"जीजी, आता तरी सांगा."

त्यांनी बोटानं जवळ बोलावलं. मी कान नेला.

"आदी तू सांग. तुझ्याकडं काय व्हतं?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि मी आपण होऊन कशाला सांगते? "एक्क्यांची जोडी," मी पुटपुटले.

जीजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग डोळे बारीक झाले.

"अगं, मग उठलीस कावून?"

आणि हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला. लेक जिन्यावरून धावत आली. "मावशी, आईला बोलायला लावू नका म्हणलं व्हतं ना!" मला दंडाला धरून बाहेर काढलं.

आता तुम्हीच सांगा, ह्याचा काय अर्थ लावायचा? हातात काहीच नव्हतं ती बाईही अशीच हसेल. तीन राजे होते तीही अशीच हसेल. दाराबाहेर उभी राहून मी ऐकत होते. आत खोकला, मग हसू, पुन्हा खोकला. नर्सनं दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात येऊन सोक्षमोक्ष लावू, असं ठरवून मी तणतणत एस.टी.त बसले.

शेजारच्या बाईनं पिशवीतला डबा बघून विचारलं, "कुणी आजारी हाय का, मावशी?"

"आजारी कसली!" मी म्हटलं. "हसायलीय नुसती."

घरी पोचले तेव्हा सून दारातच उभी होती. जीजींच्या लेकीचा फोन येऊन गेला होता.