रत्नमालानं खोडलेला शब्द

रत्नमालाचं माहेर वेरूळच्या पल्याडचं, सासर हर्सूलचं. माहेरी मेंढरं होती आणि आहेत. वडील मुंजाबा अजून त्यांच्यामागं हिंडतात. रत्नमाला मात्र शहरातल्या एका छोट्या कंपनीत कारखान्यांचे सर्व्हर सांभाळायची. कंपनीचे मालक सुदर्शन सर घरचे बागायतदार. बोलायला गोड, आणि काही विकायचं असलं की त्याहून गोड.

वाळूजच्या एका कारखान्याला त्यांनी नवा सर्व्हर विकला, तोही मेमरी एन्क्रिप्शनसकट. मशीन चालू असताना मेमरीत जे काही पडलेलं असतं ते प्रोसेसर सांकेतिक करून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी मेमरी काढून नेली तरी त्याच्या हाती काही लागत नाही. कारखान्याच्या परदेशी गिऱ्हाइकाला हे हवंच होतं. पुरावा म्हणून सुदर्शन सरांनी स्क्रीनवर प्रोसेसरच्या गुणांची यादी काढून दाखवली. तीत ‘एसएमई’ हा शब्द होता, म्हणजे तेच एन्क्रिप्शन. कारखान्याचे संगणकप्रमुख इंद्रजीत यांनी त्याचा फोटो काढला आणि विषय मिटला.

पुढं हिवाळ्यात रत्नमाला दुसऱ्याच कुठल्या बिघाडासाठी त्या सर्व्हरच्या सुरुवातीच्या नोंदी वाचत होती. एन्क्रिप्शन चालू असलं की मशीन सुरू होताना तशी एक ओळ उमटते. ती ओळ दिसेना. तिनं खोलात जाऊन पाहिलं, तर मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये ते बटणच बंद होतं. प्रोसेसरला कुलूप लावता येत होतं, लावलेलं नव्हतं.

ती सरांच्या खोलीत गेली.

“सर, वाळूजचं एन्क्रिप्शन बंद आहे.”

“कधी बंद पडलं?”

“चालूच नव्हतं.”

सुदर्शन सर खुर्चीतल्या खुर्चीत एक गोल फिरून आले. “पण स्क्रीनवर तर दिसतंय ना?”

“दिसतंय. पण चुकीचं दिसतंय.”

“मग चूक स्क्रीनची झाली. आपली नाय.”

तरी त्यांनी इंद्रजीतना फोन लावला आणि ‘छोट्या कामासाठी’ मशीन थोडा वेळ बंद मिळेल का, असं विचारलं. इंद्रजीत म्हणाले, ऑर्डरी तुंबल्यात, चालू गाडीला हात लावू नका. सुदर्शन सरांनी आनंदानं हात लावला नाही.

रत्नमालाच्या डोक्यातून ते जाईना. तिनं कर्नलचा कोड उघडला. कर्नल म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. हा कर्नल खुला होता, जगभरची माणसं मिळून तो लिहीत. त्यात तिला मूळ सापडलं. मशीन सुरू होताना कर्नल प्रोसेसरला विचारायचा, तुला हे येतं का? प्रोसेसर म्हणायचा, येतं. कर्नल शब्द लिहून मोकळा. करतोयस का, असं नंतर कुणीच विचारत नव्हतं.

तिनं चार ओळींची दुरुस्ती लिहिली: एन्क्रिप्शन वापरात नसेल तर तो शब्द यादीतून खोडायचा. ती कर्नल सांभाळणाऱ्यांना मेलनं पाठवली.

उत्तर आलं. त्यात नमस्कार नव्हता, रागही नव्हता. ‘हे बत्तीस बिटवर बांधून पाहिलं का?’ एवढंच. म्हणजे जुन्या, बत्तीस बिटच्या मशीनसाठीही कोड तयार होतो का. तिनं पाहिलं नव्हतं. बांधून पाहिलं तर बांधलं जाईना. तिचे कान तापले. दुसऱ्या खेपेला उत्तर आलं, ‘बदलापेक्षा खुलासा लांब आहे.’ तिनं खुलासा छाटला. तिसऱ्या खेपेला कुणी काही बोललंच नाही, आणि ते तिला सगळ्यात अवघड गेलं. शेवटी एका सकाळी मेल आला: ‘घेतलं. आभार.’

तिचा नवरा अजिनाथ शिफ्टची बस चालवायचा. तो जेवत होता.

“घेतलं म्हणं त्यांनी,” ती म्हणाली.

“काय घेतलं?”

“एक शब्द खोडायचा होता.”

“एवढे दिवस?”

“व्हय.”

“लई अवघड शब्द दिसतोय,” अजिनाथ म्हणाला आणि त्यानं आणखी भाकरी मागितली.

पावसाळ्यात वाळूजला ट्रान्सफॉर्मर उडाला. कारखान्याच्या बॅटऱ्यांनीही मान टाकली. वीज आली तेव्हा सर्व्हर आपला आपण सुरू झाला, तो अपडेटमधून येऊन रीस्टार्टची वाट पाहत बसलेला, रत्नमालाच्या दुरुस्तीचा नवा कर्नल घेऊनच. दुपारी इंद्रजीतचा फोन आला.

“मॅडम, आमचं एसएमई गेलं.”

“गेलं नाही सर. आधीपासून नव्हतं.”

“होतं. माझ्याकडं फोटो आहे.”

“फोटो खरा आहे. फोटोत जे आहे ते खोटं होतं.”

“पण यादीतून काढलं कुणी?”

रत्नमालाला थाप सुचली नाही. “मी.”

“तुम्ही कारखान्यात कधी आलात?”

“आले नाही. घरूनच काढलं. जिथं जिथं वापरात नाही तिथून सगळीकडूनच निघालं.”

मग इंद्रजीत म्हणाले, “परत टाका.”

सुदर्शन सरांनी तिला बोलावून घेतलं. “जुना कर्नल टाकला तर शब्द येईल?”

“शब्द येईल. कुलूप नाही येणार.”

“शब्द आला तरी लई झालं.”

“मी नाय टाकणार सर. टाकायचा तर तुम्ही टाका.”

सुदर्शन सरांना ते येत नव्हतं. त्यांनी गाडी काढली, वाळूजला गेले आणि जे झालं ते इंद्रजीतना सांगितलं. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण तारीख ठरवून आले होते. खंडेनवमीला कारखाना पूजेसाठी थांबतो. त्या दिवशी मशीन बंद करायला हरकत नव्हती.

खंडेनवमीला रत्नमाला पोचली तेव्हा मशिनी धुऊनपुसून झाल्या होत्या. जिकडंतिकडं झेंडूच्या माळा. सर्व्हरच्या कपाटालाही कुणीतरी माळ घातली होती, नेमकी पंख्याच्या तोंडावर. तिनं ती बाजूला सरकवली, मशीन बंद केलं, सेटिंगमधलं बटण चालू केलं, कर्नललाही तसा हुकूम दिला आणि मशीन परत सुरू केलं. बाहेर नारळ फुटत होते. काळ्या स्क्रीनवरून ओळी वर सरकत गेल्या आणि त्यांत ती ओळ आली: मेमरी एन्क्रिप्शन चालू. मग यादी काढली. तीत एसएमई होतं. तिनं उगाचच कपाटावरून एकदा हात फिरवला.

इंद्रजीतनी मोबाईल काढून फोटो घेतला. “बघा, आलं की नाही परत?”

परत नाही, पहिल्यांदा आलंय, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सणाचा दिवस होता. “व्हय, आलं,” ती म्हणाली आणि त्यांनी पुढं केलेला पेढा घेतला.

त्यानंतर काहीही विकण्याआधी सुदर्शन सर तिला विचारू लागले. ती बहुतेक वेळा नाय म्हणायची. विक्री जरा मंदावली. तक्रारींचे फोन मात्र इतके कमी झाले की ते घेणाऱ्या निशाला सरांनी विक्रीच्या कामाला लावलं.