सतरा नंबरची रिंग

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी जगन्नाथअण्णांना शेवटचा भेटलो. रहिमतपूरला त्यांच्या अंगणात बाजेवर बसून आम्ही दोघं लाडू खात होतो. यंदा आल्याचं पीक कसं लागलंय ते अण्णा सांगत होते आणि वाक्याच्या मधेच थांबले. घास तोंडात तसाच. उजव्या हाताचं एक बोट वर केलं, मान जराशी कलती केली... मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग बऱ्याच वेळानं फार उंचावरून एक बारीक आवाज आला, डोक्यावरून गेला आणि विरून गेला. "जेट हाय," अण्णा म्हणाले. "आपलं न्हाई." आणि आल्याचं बोलणं जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं सुरू केलं. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, माझ्याकडं न बघता कपबश्या उचलल्या आणि त्या आत गेल्या.

जानेवारीत एका सकाळी कुपवाडच्या आमच्या कारखान्यात फोन वाजला. अण्णांचा पुतण्या एसटीडी बूथवरून बोलत होता. "काका, अण्णा गेलं. च्या पिऊन अंगणात बसलं हुतं, बसल्या जागी..." मिरजेहून पॅसेंजर धरून मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. अंगणात बाज उभी करून भिंतीला टेकवलेली होती. गावातली माणसं मला ओळखत होती. "हेच ते सांगलीचं मालक," कुणीतरी म्हणालं. दुसरा एकजण हळू आवाजात म्हणाला, "त्या इमानाच्या भानगडीतलं व्हय?" मी खाली मान घालून बसलो. इमानाची, म्हणजे विमानाची, भानगड. सहा वर्षं त्या गावात ती अण्णांच्या नावापुढं चिकटलेली होती.

ती भानगड काय होती हे आज नीट लिहायचं आहे. अण्णांबद्दल लिहायला बसल्यावर त्यांच्या प्रेमळ स्वभावाच्या चार आठवणी सांगून मोकळं होता आलं असतं. तशी माझी ख्यातीच आहे, अडचणीचं असेल ते सोडून बाकी सगळं छान सांगतो.

अण्णा हवाईदलातून निवृत्त होऊन आमच्याकडं आले ते नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास. तिथं त्यांनी आयुष्यभर इंजिनं उघडली आणि मिटली होती. आमचा कारखाना लहान, वीसेक माणसांचा. पंप आणि ऑइल इंजिनांचे सुटे भाग करता करता एका मोठ्या कंपनीकडून विमानाच्या एका भागाचं काम आम्हाला मिळालं होतं. पंख्याची जी लहान प्रवासी विमानं असतात, त्यांना टर्बोप्रॉप इंजिन असतं. आत जेटसारखंच भयानक वेगानं फिरणारं इंजिन, आणि पुढं त्या मानानं सावकाश फिरणारा पंखा. दोघांच्या मधे गिअरची पेटी. त्या पेटीतल्या एका बेअरिंगला लागून बसणारी बांगडीएवढी पोलादी रिंग आम्ही करायचो. दिसायला काही नाही. मी पहिल्यांदा ती बघून म्हणालो होतो, "अण्णा, एवढ्याशा रिंगेला एवढे कागद?" अण्णा म्हणाले, "सुधाकरराव, बेअरिंगला श्वास घ्यायला जागा लागती. ती जागा ही रिंग ठेवती. जाड झाली की ते गुदमरतं, तापतं. मग वर काय हुतं ते मी बघितलंय." काय बघितलं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

विमानाच्या कामाचे नियम कडक. प्रत्येक रिंगेला नंबर, प्रत्येक नंबराचा कागद, आणि कागदावर मंजूर तपासनिसाचा शिक्का. शिक्का कारखान्याचा नसतो, माणसाचा असतो. अण्णांचा शिक्का त्यांच्या खिशात असायचा आणि तपासणीच्या खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला. त्या खोलीत दुसऱ्या कुणी जायचं नाही असा लेखी नियम होता. खोलीत एका लाकडी पेटीत मास्टर ठेवलेला असायचा, म्हणजे अगदी अचूक जाडीची आरशासारखी चकती. रोज सकाळी अण्णा तो मास्टर मऊ कातड्यानं पुसायचे, त्याच्यावर मापाचा काटा शून्यावर आणायचे आणि मग एकेक रिंग त्याच्याशी ताडून बघायचे. केस उभा चिरून त्याचे दहा भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा फरक चालायचा, त्याहून जास्त नाही. मी दारातून थट्टा करायचो, "अण्णा, तुमच्या साताऱ्याकडच्या पेढ्यांना असं माप लावत नाहीत का कुणी?" ते मान वर न करता म्हणायचे, "पेढं वर उडत न्हाईत."

कुपवाडात खंडेनवमीला प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा होते. लेथ धुवायचं, हार घालायचा, हळदकुंकू आणि गंध लावायचं, गुळखोबरं वाटायचं. अण्णा भाविक माणूस. पण घरचे घट उठवायला ते अष्टमीलाच गावी जात, म्हणून तपासणीच्या खोलीची पूजा आदल्या दिवशी स्वतःच करून जायचे. पेटी बंदच ठेवायची, झाकणाला अनामिकेनं गंधाचं एक बोट लावायचं, एक फूल ठेवायचं आणि कुलूप घालायचं. "देवाला झाकणातनं दिसतं," असं त्यांचं म्हणणं.

सहा वर्षांपूर्वीच्या नवमीला माझी आई कारखान्यात आली होती. सगळी यंत्रं पुजून झाल्यावर ती त्या कुलपापाशी थांबली. "ज्याच्यावर आपला कारखाना चाललाय ते कोंडून ठेवलंय होय रे? वर्षातून एकदा तरी त्याच्या कपाळाला गंध लागू दे." आईला दोष द्यायचा नाही. तिला नियम ठाऊक नव्हता, मला होता. माझ्या टेबलाच्या खणात त्या कुलपाची दुसरी किल्ली होती, ती असणंच मुळात नियमाबाहेर. मी कुलूप काढलं, पेटी उघडली आणि मास्टरच्या बरोबर मधोमध गंधाचं बोट टेकवलं. आईनं हात जोडले. मग मला भान आलं आणि उपरण्याच्या टोकानं ते पुसून काढलं. पुसता पुसता ते सगळ्या चकतीवर फिरलं असणार. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पेटी मिटली, फूल होतं तसं ठेवलं, कुलूप घातलं. अण्णांना सांगायचं असं ठरवलंही होतं. पण ते परत आले तेव्हा चाळीस रिंगा पाठवायची घाई चालली होती, आणि मनात म्हटलं, पुसलंय की आपण...

अण्णांनी नेहमीसारखा कातड्यानं मास्टर पुसला, शून्य लावला, चाळीस रिंगा मापल्या, चाळीस शिक्के मारले. माल गेला.

महिन्यातून एकदा ते मास्टर पेट्रोलनं धुवायचे. त्या दिवशी मी चहाचा ग्लास घेऊन दारात उभा होतो. पेट्रोलचा बोळा त्यांनी उजेडात धरला, मग नाकाशी नेला. पेट्रोलच्या वासातून त्यांना चंदन कसं लागलं असेल देव जाणे. त्यांनी पुन्हा शून्य लावला, त्या चाळीसांबरोबरचीच नमुना म्हणून ठेवलेली रिंग काट्याखाली घातली; मळलेल्या मास्टरवर बरोबर दिसलेली ती रिंग आता जाड निघाली. मग सावकाश उजवा हात पुढं धरून अनामिकेकडं बघितलं. "माझंच बोट," ते म्हणाले. "झाकणाला गंध लावल्यावर मी पेटी उघडली असंल. न्हाई आठवत, पर उघडली असंल. दुसरं कोण येतंय हितं?"

मी तोंड उघडलं होतं. नक्की आठवतंय मला, उघडलं होतं. पण बाहेर आलं ते भलतंच, "अण्णा, कळवायलाच पाहिजे का?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की अजून ती नजर मला पाठीवर जाणवते. रागाची नव्हती, कीव असावी तशी होती. "वर गेल्यावर गाडी कडंला लावता येत न्हाई, सुधाकरराव." त्याच दुपारी त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं, हवाईदलातल्या अहवालासारखं आखीव. चूक माझ्या हातून झाली, मास्टर माझ्या बोटामुळं मळला, चाळीसही रिंगा थांबवाव्यात.

पंधरा दिवसांनी दोन अधिकारी आले. खोली बघितली, कुलूप बघितलं. एकानं विचारलं, "या खोलीत आणखी कुणी येतं?" अण्णा ताठ उभे होते. "नो सर. किल्ली एकच, ती माझ्याकडं." मग अधिकाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. खोलीला दुसरी किल्ली आहे हे कळलं असतं तर आमची मंजुरीच गेली असती, वीस घरांच्या चुली विझल्या असत्या... असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मी होकाराची मान हलवली. एवढंच केलं. अण्णांचा शिक्का जमा झाला. कारखान्याला मात्र, स्वतःहून चूक कळवली म्हणून, कौतुकाचं पत्र आलं. आणि मी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं! काय माणूस म्हणायचा मला!

"मशीनवर राहा, देखरेख करा," असं मी त्यांना परोपरीनं म्हटलं. "शिक्का गेल्यावर हितं काय करू?" म्हणाले आणि गावी गेले. एकोणचाळीस रिंगा परत आल्या. सतरा नंबरची आली नाही. ती एका इंजिनात बसली होती, ते इंजिन एका विमानाला लागलं होतं, ते विमान विकलं गेलं होतं, आणि पुढं कागदांचा माग तुटला होता. सगळीकडं सूचना गेली की इंजिन उघडाल तेव्हा ही रिंग काढून टाका. कुणी काढली, की कुणी वाचलंच नाही, की ते विमान केव्हाच मोडीत निघालं, कुणाला ठाऊक. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अण्णांचं पोस्टकार्ड यायचं. "स. न. वि. वि. १७ नं. चे काही कळले का? बाकी क्षेम." मी उत्तर पाठवायचो, "अद्याप नाही." सहा वर्षं. कार्ड आलं की माझा तो दिवस वाईट जायचा, आणि दोन दिवसांनी मी विसरायचो. ते विसरत नव्हते. पंख्याच्या विमानाचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. गावात गिरणी सुरू झाली की ते अंगणात येऊन उभे राहायचे, असं पुतण्या सांगतो.

या महिन्यात टपाल आलं तेव्हा मी बिलांच्या आणि पत्रिकांच्या गठ्ठ्यात ते कार्ड शोधत होतो. ते येणार नाही हे माहीत असून सगळा गठ्ठा दोनदा चाळला. दुसऱ्या दिवशी पॅसेंजर धरून रहिमतपूरला गेलो.

वहिनी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं, आई, गंध, उपरणं, अधिकाऱ्यांपुढं हलवलेली मान. त्यांचे हात थांबले नाहीत. शेंगा संपल्यावर सूप बाजूला ठेवून त्या बोलल्या.

"हात धुवायचं बघा. जेवायच्या आधी, जेवल्यावर, मधीच उठून. साबण लावून लावून बोटं चिरली हुती त्येंची. मी म्हणायची, आवं, काय लागलंय हाताला? तर म्हणायचं, मला न्हाई दिसत गं, पर लागलेलं असतंय. आन् सही तर करायचंच न्हाईत. पोराच्या शाळंच्या कागदावर, बँकंत, समद्या सह्या माझ्या. ह्या हाताचा भरवसा न्हाई म्हणायचं."

मी क्षमा मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही.

"मला सांगून काय उपेग?" त्या म्हणाल्या. "ज्येला सांगायचं त्यो गेला. आता लिवा. हापिसाला लिवा, पेपरात लिवा. माझं पोरगं कालेजात जातंय, त्येला समदी इचारत्यात. त्येच्या हातात कागद पायजे."

मग त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यायलो.

आमच्या कारखान्यात ती खोली अजून आहे. उत्तरेच्या खिडकीतला उजेड, अण्णांचं उंच स्टूल. आता नवीन तपासनीस आहेत, पण त्या स्टुलावर ते बसत नाहीत, उभ्यानंच माप घेतात. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे साहेब, बरं वाटत नाही." हे वाचल्यावर अधिकारी पुन्हा येतील, आणि येणं योग्यच आहे. मंजुरी जाईल की राहील मला माहीत नाही. माझ्या माणसांना मी काल सगळं सांगितलं आहे. एकानं ती फ्रेम उतरवून टेबलावर पालथी ठेवली.

विमानसुरक्षेच्या कार्यालयाला मी आज सकाळी पत्र टाकलं. पत्र लांबलं आहे, मी नेहमीच लांबवतो. पण वहिनींच्या मुलासाठी त्यातली दोनच वाक्यं वेगळ्या कागदावर मराठीत लिहून, खाली सही करून पाठवली आहेत. त्या वर्षी पेटी मी उघडली होती. तुझ्या वडिलांचे हात स्वच्छ होते.