लांबची नजर, जवळचा डोळा

आमच्या घरात नजर म्हणजे लांबची नजर. मेंढरं राखणाऱ्याला जवळचं बघून काय करायचं? भोकरदनकडच्या माळावर उभं राहून आबा, म्हणजे माझे वडील, पलीकडच्या टेकाडाकडे हात करायचे आणि विचारायचे, तो कळप कोणाचा? मी बरोबर सांगायचो. कधी कधी त्यातलं लंगडं मेंढरूही दाखवायचो. आबा पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या पोराची नजर घारीची हाय."

शाळेत तोच मी चकणा होतो. पुस्तक जवळ घेतलं की डावा डोळा नाकाकडे जायचा. अक्षर स्वच्छ दिसावं म्हणून जोर लावला की डोळा आणखी आत, आणि एका ओळीवर दुसरी ओळ चढायची. जोर सोडून डोळा सरळ ठेवला तर ओळ एकच राहायची, पण धुक्यात गेल्यासारखी. दोन्ही एकदम कधी मिळालं नाही. सांगायचं तरी काय? सगळ्यांनाच असं दिसत असेल आणि तरी ती पोरं वाचत असतील, असंच मला वाटायचं.

गुरुजींना वाटायचं, वाचायची पाळी आली की मी मुद्दाम डोळे फिरवतो. "नाटक करून राह्यला का रे? डोळे सरळ कर, मंग वाच." मी सरळ करायचो आणि मग वाचताच यायचं नाही. पोरं म्हणायची, याचा एक डोळा जाफराबादला चालला, एक मंठ्याला.

एकदा शाळेत डोळे तपासायला माणसं आल्ती. भिंतीवर तक्ता टांगला, आम्हाला लांब उभं केलं. मी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. नजर चांगली, म्हणाले. हातात पुस्तक मात्र कोणी दिलं नाही. मी इतका खूश होतो की तसाच माळावर पळालो. दुसऱ्या दिवशी आबा शाळेत आले नि गुरुजींना म्हणाले, पोराचे डोळे बिलकुल बराबर हायेत, तुम्ही उगाच त्याच्यावर डूख धरून बसलात. गुरुजी म्हणाले, डोळे बरोबर आहेत हेच तर मी सांगतोय, खोड त्याच्या मनात आहे. आबांनी मला कधी वाचताना पाहिलं नव्हतं आणि गुरुजींनी कधी माळावर. माझ्या डोळ्यांबद्दल मात्र दोघांचं एकमत झालं. सातवीच्या मध्यात मी शाळा सोडली आणि मेंढरांमागे गेलो. कोणी अडवलं नाही.

आता मी तमिळनाडूत एका गोदामात पार्सलं निवडतो. हल्ली चिठ्ठीवरचे बारीक आकडे एकमेकांवर चढायला लागले, कपाळ ठणकायचं, पार्सलं भलत्याच गाडीत जायची. काम जाईल या धास्तीने मी एक डोळा मिटून वाचायचो. सुपरवायझरने ते पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण त्या माणसाने मला आपल्या गाडीवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरबाईंनी थेंब टाकून डोळे तपासले आणि मोडक्या हिंदीत समजावलं. जवळचं बघायला डोळ्याला आतून जोर लावावा लागतो, आणि त्याच हुकमाने दोन्ही डोळे आत वळतात. दोन कामं एकाच दोरीला बांधलेली. एरवी ते सोयीचंच, कारण जवळच्या वस्तूकडे दोघांनाही वळायचंच असतं. पण माझ्या डोळ्यांना लांबचं दिसायलासुद्धा जोर लागतो. लहानपणी ताकद होती, म्हणून तक्ता वाचून झाला. पुस्तकाला त्याहून जास्त जोर, म्हणून दोरी जास्त ओढली जायची आणि डोळा नको इतका आत. चष्म्याने तो जोर स्वतःवर घेतला की दोरी ढिली पडते.

आठवड्याने चष्मा मिळाला. आरशात डोळे सरळ होते. बाईंनी वाचायला कागद दिला, त्यावर ओळ एकच होती आणि स्वच्छ होती. तमिळ होती. एक अक्षर न कळता मी ती कितीतरी वेळ बघत बसलो.

लहानपणी हे कळलं असतं का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, हातात पुस्तक देऊन कोणी एकदा नीट पाहिलं असतं तर.

संध्याकाळी आबांना फोन लावला. सगळं सांगितलं, दोरीचंही. शाळा मी सोडली नव्हती, डोळ्यांनी सोडायला लावली होती, हेही सांगितलं. मला वाटलं, आबा म्हणतील, आपल्याला कळलं न्हाई गड्या. तेवढंच हवं होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "तवा चष्मा लागला असता तर मेंढरं कोणी राखली असती?"

चेष्टा होती की काय, फोनवर कळलं नाही. मी हसलो. मग त्यांनी जेवला का विचारलं, मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. जेवलो नव्हतो.