योसेफाला संवाद नव्हता

उद्या मुकुल ‘बेथलेहेम’वर अडकणार, ही धास्ती अस्मिताला सकाळपासून सोडत नव्हती. नाताळच्या उपासनेत ख्रिस्तजन्माचं वाचन यंदा तिच्या मुलाकडे होतं, आणि ते त्याने स्वतः मागून घेतलं होतं. चर्चच्या पाळकसाहेबांना फोन करून ते दुसऱ्या कुणाला द्यायला सांगावं, असं मनात घोळवता घोळवता तिने पोळ्या करपवल्या.

मुकुल लहानपणापासून बोलताना अडखळायचा. नऊ वर्षांचा असताना चर्चच्या नाताळ नाटकात तो मेंढपाळ होता. ‘चला, बेथलेहेमला जाऊ या,’ एवढंच वाक्य. ‘बे’वर गाडी अडली ती अडलीच. लोक हसले, आणि शेवटी मेंढी झालेल्या मुलीनेच ते बोलून टाकलं. पुढल्या वर्षापासून त्याला योसेफ केलं, मरियेचा नवरा. योसेफाला संवाद नसतो. कापसाची दाढी लावून, अस्मिताची तपकिरी शाल पांघरून तो गोठ्यापाशी उभा राहायचा. बाकीची मुलं बोलत असायची आणि हा बाळ येशू म्हणून गवतात ठेवलेल्या बाहुलीकडे बघत राहायचा, नाटक संपून दिवे मालवले तरी. कापसाच्या जागी खरी दाढी आली, पवईत नकाशे काढायची नोकरी लागली, तरी योसेफ तोच. “काय योसेफ, आज तरी बोलणार का?” मित्र चिडवायचे. तो नुसता हसायचा.

संध्याकाळी गोरेगावच्या त्यांच्या गॅलरीत त्याने कागदी तारा टांगला. आतला दिवा लागला तसं घर लालसर झालं. भिंती, कपाट, तिचे स्वतःचे हात, सगळं पाण्याखाली असल्यासारखं तरंगू लागलं. खालच्या रिक्षांचे आवाज कुठेतरी लांब गेले. ताऱ्याखाली उभा राहून मुकुल वाचू लागला. ‘बे...’ आणि थांबला. अस्मिताच्या ओठांवर तो शब्द आलाच होता. त्याने मात्र घाई केली नाही. झोपलेल्या लेकराजवळ कुणी उभं राहावं तसा डोळे मिटून उभा राहिला. मग शब्द आपसूक आला, आणि तो पुढे गेला.

वाचून झाल्यावर तो आत आला. “आई, केलास का फोन?”

“कुणाला?”

“पाळकसाहेबांना. दिवसभर फोन हातात घेऊन फिरतेयस. पोळ्यांची पार वाट लावलीस.”

ती ओशाळली. “अडकलास तर रे?”

“अडकणारच. बे... बेथलेहेम कुठे टळतंय?”

“लोक हसतील.”

“हसू दे. परीक्षा आहे का ती? इतकी वर्षं त्या गोठ्यापाशी उभा राहिलो, आई. देव एवढासा होऊन आपल्यात आला, आणि माझ्या तोंडून त्याला एक शब्द नाही. यंदा त्याच्यासमोर बोलायचंय. जसं येईल तसं.”

तो हात धुवायला गेला. अस्मिता त्या लाल उजेडात बसून राहिली. तिला ते गवतातलं बाळ दिसत होतं. त्यालाही अजून बोलता येत नव्हतं.

मग तिने फोन उचलला. लावायचा पाळकसाहेबांनाच होता, पण सांगायचं आता वेगळंच होतं: मुकुलच्या वाचनाला जरा जास्त वेळ ठेवा.