पांढरी माती आणि सिस्टरबाई

"मामा, माह्याकडे पाहा. मांगं पाह्यचं नाही." अकोल्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई हे यांना दर सुईच्या वेळी म्हणायच्या. माझ्यावर उपकार त्यांचे, म्हणून गोष्टीत त्यांना आधी आणलं. काय झालं ते आता सांगते.

माझ्या नवऱ्याच्या छातीत पाणी भरायचं. डॉक्टर पाठीतून सुई घालून ते काढत. तेव्हा सिस्टरबाई समोर उभ्या राहून यांचे दोन्ही हात धरत. मला ते बघवत नसे. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण चारचौघांत यांनी माझा हात एकदाही धरला नव्हता. तुमच्यातल्या बायकांना तरी समजेल.

मी गोळी दिली की, "ठेव तिथं." त्यांनी दिली की, "आणा बाई." माझ्या भाकरीला चव नाही, त्यांच्या डब्यातलं पिठलं झकास! एकदा मी म्हटलं, "त्याइच्याच घरी जा मंग राहाले." हसता हसता यांना धाप लागली. सिस्टरबाई धावत आल्या आणि रागावल्या माझ्यावरच.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसावरच्या पडद्याचा कॅन्सर आहे. बरा व्हायचा नाही, पण सलाईनमधून औषध दिलं तर दिवस वाढतील. दगडातल्या बारीक तंतूंनी, अ‍ॅस्बेस्टॉसनं, होतो हा. सिमेंटच्या पत्र्याच्या कारखान्यात होते का? नव्हते. लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही राजस्थानात एका डोंगराजवळ राहिलो, पण हे तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते.

सिस्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "मामी, तिथं भिंती कायनं सारवत होत्या?"

"डोंगरातल्या पांढऱ्या मातीनं. चकचकीत, अन् फुकट."

बोलता बोलता मला डॉक्टरांचे ते दगडातले तंतू आठवले. दर दिवाळीला ती माती मीच कुटायचे, मीच चाळायचे. सातवीत शाळा सुटली माझी, तरी एवढं कळलं.

"त्याइले सांगू नका," मी म्हटलं. त्या यांच्या खाटेकडे वळल्या.

पुढं दोघं कुजबुजायला लागले. मी आले की गप्प. सांगितलंच हिनं! यांनी सलाईन नको म्हटलं तेव्हा तर खात्रीच पटली. जीव जळत होता. मी दाराआड उभी राहिले.

"आधी तिच्या छातीचा फोटो काढा," हे म्हणत होते. "माती ती कुटे, मी त घरात नुसता झोपाले येत होतो. तिच्या छातीत काय असन? त्याच्याबिगर मी सलाईन घेत नाही."

"काढतो मामा. पण मामी भेतात, त्याइले सांगू कसं?"

मी आपणहून जाऊन फोटो काढून घेतला; तो स्वच्छ आला. यांनी सलाईन घेतली, पुढची दिवाळी पाहिली. शेवटची सुई होती तेव्हा सिस्टरबाई बाजूला सरकल्या. "मामी, तुमी धरा हात." मी धरले. हे म्हणाले, "बाईचे मऊ होते व."

हे गेले. मी सुरतेला लेकीकडे आले. दरवर्षी फोटो काढते, तसं सिस्टरबाईंनी बजावलंय. त्यांची बदली अमरावतीला झाली. राजापेठेतल्या त्यांच्या खोलीचे पोपडे पडतात म्हणे.

हेवा अजून पुरता गेलेला नाही. पण एक दिवस मी तिथं जाणार. चुना माझा, कुंचला माझा. त्या खोलीच्या चारही भिंती मी माझ्या हातांनी पांढऱ्या करून देईन.