जादा तासाची हजेरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

शाळा सुटल्यावर पाच ते साडेसहा मी दहावीच्या कच्च्या मुलांना गणित शिकवतो. फुकट. पंचवीस वर्षं होतील. लोक चांगलं म्हणतात, शिक्षकदिनी हारही घालतात. आणि मी घालून घेतो. त्याच वर्गात मी — थांबा, आधी सविताचं सांगायला हवं.

सविता पिशोरकडची. वडील मेंढरं राखायचे, ती इथं मावशीकडं राहून शिकत होती. तिला मी बोलावलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी जूनमध्ये आपणहून दारात येऊन उभी राहिली. ‘सर, मी बसू का? बीजगणित लई जड जातं मला.’ हजेरीत तिचं नाव मी सगळ्यांत शेवटी लिहिलं.

ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांनी विचारलं, यंदा सतरा नंबर कुणाकुणाला? म्हणजे असं — जो नापास होईल असं वाटतं त्याचं नाव शाळेतून काढायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून परीक्षेला बसवायचं. तो नापास झाला तरी शाळेच्या निकालाला धक्का नाही. आमच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक होता. मी काय केलं? जादा तासाची हजेरी त्यांच्यापुढं ठेवली. जी मुलं शिकायला थांबत होती, त्यांचीच यादी झाली.

पाच नावं हवी होती. चार खरोखर कच्ची होती. पाचव्या नावाशी माझा पेन अडला. उरलेल्यांतल्या दोघांचे बाप शाळेत येऊन भांडले असते. सविताचे वडील भांडणार नाहीत — हे मला माहीत होतं. तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली. एवढीशी खूण.

पण तिला घटक चाचणीत वीसपैकी अकरा होते. ती पास होती. पेपर माझ्या टेबलाच्या खणात होता.

तिचे वडील आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. सविता दाराशी. ‘पोरगी म्हणती पेपर बरा गेलता,’ ते म्हणाले. मी म्हणालो, पाच मार्क आहेत. खण माझ्या गुडघ्याला लागत होता. त्यांनी एकदा पोरीकडं पाहिलं असतं, पेपर दाखवा म्हटलं असतं, तर? ते म्हणाले, ‘तुम्ही रोज थांबून शिकवता सर. तुम्ही खोटं कशाला सांगताल?’ आणि एकेक अक्षर जुळवत फॉर्मवर सही केली.

पेपर सवितानं मागितला — दोन दिवसांनी, एकदाच. जमा झाला, म्हणालो. मग तिनं विचारलं, संध्याकाळी तरी येऊ का? बाहेरची मुलं वर्गात बसवता येत नाहीत, हेही मीच सांगितलं. असा नियम नव्हता. तिला रोज समोर बघायचं धाडस नव्हतं माझ्यात. ती पिशोरला गेली. परीक्षेला बसलीच नाही, असं मावशीकडून कळलं.

या मे महिन्यात गुलमंडीवर कापडाच्या दुकानात कुणीतरी वाकून माझ्या पाया पडलं. सविता. आता इथंच राहते. शेजारी तिची मुलगी, दहावीत जाणारी. ‘हे माझे सर. लई जीव तोडून शिकवायचे. माझंच डोकं चालंना,’ ती मुलीला हसून सांगत होती. मग माझ्याकडं वळून — ‘सर, हिला बसवताल का तुमच्या तासाला? ही माझ्यासारखी ढ नाय.’

वीस वर्षं ती स्वतःला ढ समजत आली. तू पास होतीस — तीन शब्द. दुकानात गर्दी होती म्हणू? तिची मुलगी समोर होती म्हणू? नाही. मी ‘पाठव’ म्हणालो आणि पिशवी उचलून बाहेर पडलो.

जूनपासून मुलगी येते. पहिल्या बाकावर बसते, आईसारखीच मान तिरकी करून गणित सोडवते. हजेरीत तिचं नाव मी रोज घेतो.

पेपर अजून माझ्याकडं आहे. वीसपैकी अकरा. खाली माझी सही.