मोज्याची टाच

दहा डिसेंबर, १९५७. दुपारची भांडी उरकून, मोज्यात विजेचा गेलेला बल्ब घालून रफू करायला बसले आहे. लोकरीला ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास अजून आहेच. पण त्याखाली आता दुसराही एक वास लागतो आहे, धुळीचा, घामाचा, रस्त्याचा. दोन्ही टाचांना भोकं पडली आहेत. गेल्या थंडीत हेच मोजे मी कोरे करकरीत घडी करून ठेवले होते, कारण ते ज्यांच्यासाठी विणले ते दिवसभर आरामखुर्चीत पाय लांब करून बसलेले असत.

चार पावलं चाललं की ह्यांच्या डाव्या पोटरीत गोळा येई. उभं राहिलं की जाई. माणूस दमला की त्याला बसवावं, दुखलं की शेकावं, एवढंच आपल्याला ठाऊक. मी रोज वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवत होते. त्या पायाला चटका कळतच नव्हता, हे मला अंगठ्यावर फोड आल्यावर समजलं. तो भरायला दोन महिने लागले. माया आंधळी असते म्हणतात. माझी तर हातात वीट घेऊन बसली होती!

“वहिनी, पाय तुम्ही भाजलात,” डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, “आता खुर्चीही काढून घ्या. फोड भरलाय, तेव्हा ह्यांना दुखेपर्यंत चालवा. दुखलं की उभं करा, थांबलं की पुन्हा चालवा. रोज. मोठा रस्ता बुजला की माणसं बोळांतून वाट काढतात ना? रक्ताचंही तसंच. पण वाहतूक असेल तरच बोळ रुंदावतात. आणि विडी बंद. नाही ऐकलंत, तर हा पाय राहील असं मी सांगत नाही.”

तेव्हापासून दहा महिने, पहाटेचं पाणी भरून झालं की मी ह्यांच्याबरोबर निघते. काखेत रिकामी पिशवी, म्हणजे लोकांना वाटावं बाजारात चाललो. बाजार खरं तर उलट्या दिशेला आहे. शुश्रूषेचाही कंटाळा येतो, हे कुणी कधी बोलून दाखवतं का? मला येतो. थांबा, उभे राहा, चला. कधीकधी त्या पोटरीचाच राग येतो, जणू ती घरात येऊन राहिलेली एखादी हट्टी नणंद आहे.

आरंभी गोळा नेमका गावठाणातल्या क्रुसापाशी यायचा. भर रस्त्यात विनाकारण उभं राहायची ह्यांना लाज. मग काय करावं? ह्यांनी त्या चुना फासलेल्या क्रुसाला हात जोडले! वर डावी टाच उचललेली. कळ आली की ती अशी अधांतरी राहते. समोरच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकणारी रोझीबाय रोज हे बघे. आठवड्याभरात तिथं मेणबत्ती दिसू लागली.

“काय गो बाय, तुज्या घरवाल्यान नवस केलाय?” तिनं मला विचारलं. मी नुसती हसले. आमच्या चाळीत मात्र कुजबुज सुरू झाली की भाऊसाहेब बाटणार.

पावसाळा सरता सरता क्रूस ओलांडून हे विहिरीपर्यंत न थांबता गेले. मग चांभाराच्या दुकानापर्यंत. मी मनातल्या मनात पेढे वाटत होते, तोच मागून रोझीबायची हाक आली, “ओ भाऊ, बरा झाला नि देव इसरला?” बिचारे ओशाळून परत फिरले, हात जोडून आले. त्या दिवसापासून क्रुसापाशी थांबतातच.

आणि इथंच माझी पंचाईत आहे. उद्यापासून हे कचेरीत रुजू होणार. स्टेशनापर्यंत एकट्यानं चालायचं म्हणतात. क्रुसापाशी अजून कळ येते का विचारलं तर म्हणतात, “अगं, मी तिच्यासाठी थांबतो.” खरं असेल. पण मी बरोबर असले की हे टाच मुद्दाम टेकवून ठेवत नसतील कशावरून? वर्षभर दुखणं चोरलेला माणूस बरं होणंही चोख कसं दाखवील! तिथं कळ येत असेल, तर पुढचा रस्ता ह्यांना झेपायचा नाही. रफूचा दोरा संपला आहे. एक टाच झाली, एक उद्यावर.

हे काल लिहिलं. आज सकाळी डबा हातात देऊन म्हटलं, “मी येत नाही. पाय मोडून घेऊ नका.” ह्यांनी मान हलवली नि निघाले. मी थोडी थांबले, मग पिशवी घेऊन चोरासारखी बोळाच्या तोंडाशी गेले. हे क्रुसापुढे उभे होते, हात जोडून. रोझीबाय दाणे टाकत होती. मी फक्त खाली पाहिलं. दोन्ही टाचा जमिनीवर होत्या.

मग मी वळले आणि बाजाराच्या रस्त्यानं जाऊन खरोखरची भाजी घेऊन आले.